न निवलेलं पान

रेबरांच्या परसात सकाळपासून तांब्याची मोठी कढई चुलीवर चढली होती. सफरचंदाचा रस आटवायचा, त्यात फोडी सोडायच्या आणि मग तो मुरंबा काळा-तांबूस होईस्तोवर घोटत राहायचं. हात थांबला की तळाला लागलाच म्हणून समजा. यंदा झाडांना फळ बेताचंच होतं, एवढी कढई काढायची काही गरज नव्हती. पण ‘मुरंबा घालायचाय, सगळे या’ असा निरोप गेला की रेबरांकडे कुणी कारण विचारत नाही. ‘आईच्या पायाचं ठरवायचंय, सगळे या’ असा निरोप गेला असता तर थोरला रोमन आला नसता, आणि खुद्द आईने, म्हणजे आल्टाने, मागच्या लहान घराचं दार आतून लावून घेतलं असतं.

ही युक्ती धाकट्या इरविनची. त्याच्या बायकोला, लोव्हिनाला, ती पटली नव्हती, पण दुसरी सुचतही नव्हती. ती अंगणात बरण्या पुसत बसली होती आणि रस्त्याकडे कान लावून होती. आधी रोमनच्या बग्गीची टापटाप आली. बऱ्याच वेळाने मोटारीचा आवाज आला आणि कुंपणाच्या बाहेरच थांबला.

“गाडी आत नाही ना आणलीस?” रोमनने बहिणीचं स्वागत केलं ते असं. त्यांच्या पंथात स्वतःची मोटार बाळगणं वर्ज्य होतं.

“अक्रोडाखाली लावलीये. तुझ्या घोड्याला तिचा वास येणार नाही, काळजी करू नकोस,” व्हर्ना म्हणाली.

“घोड्याची नाही, लोकांच्या तोंडाची काळजी आहे.”

“त्यांच्या तोंडात मुरंबा घाल. आपोआप बंद होतील.”

कढईपाशी उभा असलेला म्हातारा अब्राम दाढीतल्या दाढीत हसला, पण त्याचा हात थांबला नाही.

व्हर्ना नर्स झाली होती. चर्चचा बाप्तिस्मा घ्यायच्या आधीच ती घर सोडून शिकायला गेली, त्यामुळे तिला वाळीत टाकायचा कुणाला हक्क नव्हता. घेतल्यावर गेली असती तर तिच्याबरोबर एका टेबलाशी बसता आलं नसतं. रोमनला ही पळवाट फार खुपायची. बहिणीवर रागवावं तर नियम आड येतो, न रागवावं तर ती केस कापून, मोटार चालवत दारात उभी.

“मी सरळच सांगते,” व्हर्ना म्हणाली. “आज संध्याकाळी मी आईला घेऊन जाणार आहे. इस्पितळात खाट ठेवलीये. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, एवढंच काढतील. अजून थांबलो तर घोटा, मग गुडघा. आणि विष रक्तात उतरलं तर मग काढायला काही उरणारच नाही. बाबा, ऐकताय ना?”

“ऐकतोय,” अब्राम म्हणाला.

“मग बोला की.”

“ढवळतोय ना.”

रोमनने टोपी मागे सारली. “डॉक्टर म्हणाले, डॉक्टर म्हणाले. एस्टाच्या वेळी काय म्हणाले होते गं तुझे डॉक्टर?”

लोव्हिनाच्या हातातली बरणी तिथेच थांबली. हे येणार हे तिला माहीत होतं.

एस्टा तिची मुलगी. चार वर्षांची असताना उकळत्या चरबीत तिचा हात गेला होता. इस्पितळात म्हणाले, मांडीचं कातडं काढून हातावर लावावं लागेल, तरी बोटं मिटतील याची खात्री नाही. रोज पट्टी सोलताना पोर अशी किंचाळायची की इरविन जिन्यात जाऊन उलट्या करायचा. शेवटी आल्टा भाड्याच्या व्हॅनने आली, नातीला चादरीत गुंडाळून घरी घेऊन गेली. मध आणि कसल्या कसल्या मुळ्या घालून केलेलं तिचं मलम, त्यावर बरडॉकचं पान. अळूच्या पानाएवढं रुंद, उन्हाळ्यात तोडून माळ्यावर सुकवलेलं; लावायच्या आधी उकळत्या पाण्यात बुडवून मऊ करायचं, निववायचं आणि ठेवायचं. इस्पितळातली पट्टी ओढून काढावी लागायची, हे पान उचललं की अलगद हातात यायचं. पहिल्याच दिवशी एस्टा पान बदलताना झोपून गेली. आता ती याच हाताने गाईचं दूध काढते.

“कातडं सोलणार होते पोरीचं,” रोमन म्हणाला. “ऐकलं असतं तर?”

“ते खरंय,” इरविन हळूच म्हणाला.

“इरविन! अरे, मला बोलावलंस तूच ना?” व्हर्ना कडाडली.

“बोलावलं. पण रोमन म्हणतो तेही…”

“तू म्हणजे त्या पवनचक्कीचं पातं आहेस. जिकडून फुंकर येईल तिकडे तोंड.” मग ती वळली. “लोव्हिना, रोज पट्टी तू बदलतेस. तू सांग. बरं आहे की वाईट?”

आईच्या पायाबद्दल मनात काहीही आलं तरी बोलायचं ते एकच, असं जणू ठरूनच गेलं होतं. लोव्हिनाच्या तोंडून तेच आलं. “तसंच आहे.”

पाय तसा नव्हता. करंगळी काळी पडली होती, आणि पट्टी सोडली की एक गोडसर, कुबट वास यायचा. तो जाईपर्यंत ती खिडकी उघडी ठेवायची आणि आल्टाला सांगायची, खोलीत जरा हवा खेळू दे. पण ज्या बाईने आपल्या पोरीचा हात वाचवला, तिला तिचीच पानं हरली म्हणून कुठल्या तोंडाने सांगायचं?

एवढ्यात मागच्या घराची खिडकी उघडली.

“माझ्या पायाची पंचायत तिकडे बसलीये होय?” आल्टाचा आवाज अख्ख्या परसात ऐकू गेला. “आत या सगळे. पाय इथे आहे.”

आल्टा खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, उजवा पाय समोरच्या स्टुलावर. शेजारी दालचिनी घातलेल्या व्हिनेगरचा पेला. शुगरसाठी ती सकाळ-दुपार तेच प्यायची. गोळ्या तिने वसंतातच सोडून दिल्या होत्या, हेही आता सगळ्यांना माहीत झालं होतं.

अब्राम कढईपाशीच राहिला. बाकीचे आत येऊन उभे राहिले.

“बसा. उभं राहून भांडलं की पाय दुखतात,” ती म्हणाली. “लोव्हिना, पट्टीची वेळ झालीये. तू तुझं काम कर, हे त्यांचं करतील.”

लोव्हिनाने किटली शेगडीवर ठेवली आणि उघड्या खिडकीपाशी बसून पायाची जुनी पट्टी सोडली.

“आई, गोळ्या का सोडल्यास?” व्हर्नाने सुरुवात केली.

“पोट बिघडायचं. आणि त्या डॉक्टरला मी एकच विचारलं, ही किती दिवस घ्यायची? म्हणाला, जन्मभर. आणि हे बोलताना त्याचं तोंड त्याच्या कॉम्प्युटरकडे. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही गं त्याने. जे औषध जन्मभर बरं करत नाही, ते औषध कसलं? आणि ज्याला माझा चेहरा माहीत नाही, त्याला माझा पाय काय कळणार?”

“बरोबर बोललीस,” रोमन म्हणाला.

“त्याचं चुकलंच,” व्हर्ना म्हणाली. रोमनला हे अपेक्षित नव्हतं. “खुर्ची ओढून बसायला हवं होतं, समजावून सांगायला हवं होतं. मी असते तर त्याला तिथेच सुनावलं असतं. पण आई, माणूस उद्धट असला म्हणून तो सांगतो ते खोटं होत नाही.”

“आणि माणूस गोड बोलला म्हणून खरंही होत नाही. तुझ्याबद्दल बोलत नाहीये.”

“माझ्याबद्दलच बोलतेयस.”

“बरं, तुझ्याबद्दल.”

दोघी हसल्या. इरविनही हसला, आणि क्षणभर असं वाटलं की आता सगळं नीट होईल. पण व्हर्नाचा चेहरा पुन्हा ताठ झाला. “शुगरने पायाच्या नसा मेल्यात, आई. मागच्या खेपेलाही सांगितलं होतं.”

“आणि मी म्हटलं होतं, मेलेल्या पायाने मी कोंबड्यांना दाणे घालायला जाते ती कशी? हे बघ, मी तुझ्याएवढी शिकले नाही. पण जखमा मी तुझ्या डॉक्टरापेक्षा जास्त पाहिल्यात. बरी होणारी जखम पट्टी बदलताना ओरडत नाही. आजवर ज्याला पान लावलं, त्याला मी एकच विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाला की समजायचं पानाने धरलं. विचार लोव्हिनाला. इतक्या वेळा पट्टी बदलली, मी एकदा तरी ‘स्स’ केलंय?”

“नाही,” लोव्हिना म्हणाली. हे मात्र खरं होतं.

“झालं तर मग,” रोमन म्हणाला.

“काय झालं? रोमन, उद्या ती गेली तर…”

“देवाच्या मनात असेल तर जाईल! म्हणून काय तुझ्या लोकांना तिचे तुकडे करू द्यायचे? लोव्हिना, तू बोल. इतका वेळ गप्प का? तुझी पोर बाहेर खेळतेय. तिची शपथ… नाही, शपथ नको घेऊस, आपल्यात चालत नाही ते. पण तिचा हात आठव आणि सांग. पान काम करतं की नाही?”

सगळे तिच्याकडे बघत होते. इरविनही. लोव्हिनाने किटलीतलं पाणी परातीत ओतलं, पान बुडवलं. करतं म्हणावं तर आल्टा या खुर्चीतून हलणार नाही. करत नाही म्हणावं तर एस्टाचा हात खोटा ठरतो. “करतं,” ती म्हणाली. “एस्टाचं केलं ना.” आणि बोलता बोलता तिने चिमट्याने पान उचललं, पाणी झटकलं आणि सासूच्या पायावर पसरून वरून तळहाताने दाबलं.

तळहात चर्रकन भाजला. तिने हात मागे ओढला. पान निववायचं राहिलं होतं. रोज ती आधी आपल्या मनगटावर ठेवून बघायची, आज विसरली. पानातून अजून वाफ निघत होती.

आणि आल्टा बोलतच होती.

“त्या डांबरवाल्या गड्याचं आठवतं ना, इरविन? उकळतं डांबर अंगावर सांडून छपरावरून पडला होता तो? बाहेरचाच होता, आपल्यातला नव्हे. म्हणतो कसा, बाई, तुमच्या पानाला बायकोचं नाव देतो…”

तिचा पाय हललाही नाही. पापणीही नाही.

लोव्हिनाने झटक्यात चिमट्याने पान उचललं. पायाच्या वरची कातडी लालबुंद झाली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रोमन हसत होता, व्हर्ना खिडकीतून बाहेर बघत होती. गपचूप दुसरं पान निववून लावलं असतं तर हे तिच्याखेरीज कुणालाही कळलं नसतं.

“आई, आजोबांनी बरण्या मागितल्यात.” दारात एस्टा उभी होती. कोपऱ्यातल्या दोन बरण्या तिने एकाच हातात उचलल्या, त्याच हातात, बोटं काठांवर घट्ट आवळून. आजीकडे बघून हसली आणि गेली.

लोव्हिना त्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आई, पान गरम होतं.”

“काय?”

“पान. निववायला विसरले मी. माझा हात भाजला. तुम्हाला कळलंच नाही.”

बाहेर अब्रामच्या लाकडी घोटण्याचा आवाज तेवढा येत होता.

“मला कळलं होतं,” आल्टा म्हणाली. “मी बोलले नाही एवढंच.” पण तिला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते तिच्याच कानाला विचित्र लागलं असावं. तिने हात पुढे केला. “आण ते पान इकडे.”

लोव्हिनाने चिमट्यासकट पान दिलं. आल्टाने ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं. “स्स!” पान जमिनीवर पडलं. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलंच ‘स्स’.

“अजून इतकं गरम?” ती स्वतःशीच म्हणाली. मग पायाकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाचा पाय आपल्या स्टुलावर येऊन बसलाय. “पुन्हा ठेव. मी बघत नाही.”

“गरम नको,” व्हर्ना पटकन म्हणाली. तिच्या आवाजातलं सगळं भांडण गेलं होतं. “भाजेल. नुसतं बोट पुरे.”

आल्टाने तोंड खिडकीकडे केलं. लोव्हिनाने पायाच्या अंगठ्यावर बोट दाबलं, मग तळव्यावर, मग टाचेवर. आल्टा वाट बघत होती.

“ठेव की आता,” ती म्हणाली.

“ठेवलंय, आई.”

म्हातारीने तोंड फिरवून टाचेवरच्या त्या बोटाकडे बघितलं. “म्हणजे मी इतके दिवस सगळ्यांना सांगत होते, दुखत नाही, दुखत नाही… आणि पान काही करतच नव्हतं. पायच गप्प होता.”

“आई, आपण प्रार्थना करू,” रोमन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. तो मुळात दुष्ट नव्हता, घाबरलेला होता.

“करू. गाडीत करू.” मग ती सुनेकडे वळली. “वास येत होता का?”

लोव्हिनाने मान हलवली.

“कधीपासून?”

“झाडावरून सफरचंदं उतरवली तेव्हापासून.”

“आणि मला सांगत होतीस, तसंच आहे.”

“कसं सांगणार होते मी? तुम्ही एस्टाचा हात…”

“म्हणजे एस्टाच्या हाताची फेड तू माझ्या पायाने करत होतीस,” आल्टा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण हे शब्द लोव्हिनाला तळहातापेक्षा जास्त भाजले. ती स्टुलाशेजारी खाली बसली आणि रडू लागली. आल्टाने थोडा वेळ रडू दिलं. मग तिच्या डोक्यावरची पांढरी टोपी सरळ केली, लहान मुलीची करावी तशी. “पुरे. शिकवलंही मीच होतं ना तुला. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, हे मीच सांगितलं. तू ऐकलंस. रडायचं असेल तर मी रडायला हवं, आणि मला आत्ता वेळ नाही. व्हर्ना, माझी शाल कुठे आहे?”

तिला बाहेर आणलं तेव्हा अब्रामने तिच्या पायाकडे नाही, तोंडाकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं पुरत असावं. त्याने घोटणं कढईत सोडून दिलं आणि तो पुढे आला.

“अहो, मुरंबा लागेल!” आल्टा ओरडली.

“लागू दे.”

“वर्षभर करपट खावा लागेल.”

“खाऊ.” त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि कुंपणाकडे चालू लागला. मागे रोमन, तिची काठी घेऊन. अक्रोडाखाली पोचल्यावर मोटारीचं दार रोमननेच उघडलं. ते कसं उघडतं हे त्याला माहीत होतं, याचं इरविनला नवल वाटलं. पण ही वेळ चिडवायची नव्हती, म्हणून त्याने ते मनात जपून ठेवलं. अब्राम मागच्या सीटवर बसला आणि टोपी मांडीवर घेतली.

“मी माझी पानं तिथे लावू देतील का विचारणार आहे,” आल्टाने व्हर्नाला बजावलं. “बोटं काढल्यावर.”

“विचार. मी पण विचारीन. नाही म्हणाले तर दोघी मिळून भांडू.”

“तोंडाकडे बघून बोलणारा डॉक्टर पाहिजे.”

“शोधू.”

काच खाली होती. आल्टाने बोटाने लोव्हिनाला जवळ बोलावलं. “सोमवारी पलीकडच्या मास्टांची धाकटी पोर येईल, उकळत्या दुधाने भाजलेली. मी नसेन.”

“मी?” लोव्हिना म्हणाली. “आज जे झालं त्यानंतर?”

“मग कोण, रोमन? पान आधी आपल्या मनगटावर. विसरू नकोस.”

“नाही विसरणार.”

“आणि दुखतंय का, हे पहिल्यांदा विचारायचं नाही. आधी पोरीला डोळे मिटायला सांग. बोट ठेव. कळतंय का विचार. कळलं तर पान लाव.” मग शेजारी बसलेल्या लेकीकडे न बघता म्हणाली, “नाही कळलं तर हिला बोलाव.”

व्हर्नाने गाडी सुरू केली, पण काचेतून तिला नीट दिसत नसावं. तिने आधी डोळे पुसले, मग गाडी हलवली.

अंगणात करपल्याचा वास भरला होता. इरविन आणि रोमन मिळून कढई उतरवत होते. लोव्हिना मागच्या घरात गेली. परातीतलं पाणी आता कोमट झालं होतं. तिने एक पान बुडवलं, मनगटावर ठेवून बघितलं, मग मलम लावून भाजलेल्या तळहातावर बसवलं. पान कातडीला टेकलं तशी ती कळवळली.

दारात एस्टा येऊन उभी राहिली होती. “आई, दुखतंय?”

“हो गं,” लोव्हिना म्हणाली. “चांगलं दुखतंय.”